कापसाचे व्यापारीच खासदार आणि कॉन्सुल होते, हे कितपत खरं?

कपाशीवाला_बुलडाणा
नमस्कार मंडळी. मी खामगाव तालुक्यातला, शेती कोरडवाहू, निम्म्याच्या वर कपाशी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं, म्हणजे इकडं आमची वेचणी चालू अन् तिकडं बाहेरची रुई बिनशुल्क बंदरात. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव कागदावर क्विंटलला ८,११० रुपये होता आणि गावात काटा घेऊन येणारा त्याच्या खाली मागत होता. यावरून गावात बोलणं चाललं होतं तर एक जुने मास्तर म्हणाले की हे आजचं नाही, कापसाचे व्यापारी आणि कायदे करणारे ही इंग्रजांपासून एकाच घरातली माणसं आहेत, अन् वऱ्हाडात कापूस घ्यायला ज्या परदेशी कंपन्या यायच्या त्यांच्या मालकांच्या घरात तर दुसऱ्या देशांचे कॉन्सुल, म्हणजे परक्या शहरात त्या देशाचं काम बघणारे प्रतिनिधी, तेसुद्धा होते. मला नावं अन् सालं पाहिजेत. "सगळे मिळालेले असतात" हे आम्ही रोजच बोलतो, तेवढ्यानं भागत नाही. कोण होते, कुठून निवडून आले, आणि आपल्या कापसाशी त्यांचा थेट संबंध काय, ज्याला माहीत असेल त्यानं सविस्तर लिहा.

जुने_दप्तर
मास्तर बरोबर सांगतायत भाऊ. पण सुरुवात मँचेस्टरपासून करावी लागेल.

जॉन ब्राइट नावाचा माणूस, रॉचडेलला घरची सूतगिरणी, १८४७ पासून मँचेस्टरचा खासदार. १८४८ साली ब्रिटिश पार्लमेंटनं हिंदुस्थानातला कापूस कसा वाढेल हे बघायला समिती नेमली, तिचा अध्यक्ष हाच. मग १८५७ मध्ये मँचेस्टरात कॉटन सप्लाय असोसिएशन निघाली, तिचा पहिला अध्यक्ष जॉन चीटम, तोही गिरणीवाला आणि खासदार. म्हणजे ज्याला कच्चा माल स्वस्तात पाहिजे तोच सरकारला विचारणार की माल का येत नाही, रस्ते का नाहीत, रेल्वे का नाही. वऱ्हाड तर इंग्रजांनी निजामाकडून १८५३ लाच फौजेच्या खर्चापोटी स्वतःकडं घेतलं होतं, आणि पुढं अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिणेच्या लढाईनं (१८६१-६५) तिकडचा कापूस थांबल्यावर तर बघायलाच नको. १८६० च्या दशकात मध्य प्रांत-वऱ्हाडासाठी खास कॉटन कमिशनर बसवला, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. तुमच्या खामगावचंच बघा ना, जलंब ते खामगाव हा एवढासा फाटा, त्याचं उद्घाटन करायला १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. बारा-तेरा किलोमीटरच्या रुळासाठी व्हाइसरॉय! त्या रुळावरून काय जाणार होतं ते त्याला पक्कं माहीत होतं.

आता कॉन्सुल. तुमच्या मास्तरांच्या डोक्यात रॅली ब्रदर्स असणार. हे मूळचे ग्रीक, खिओस बेटावरचे, पाच भाऊ वेगवेगळ्या शहरांत बसलेले. जॉन रॅली ओडेसाला, तो तिथं अमेरिकेचा कॉन्सुल. म्हणजे ग्रीक माणूस, रशियाच्या बंदरात, कॉन्सुल अमेरिकेचा. पांडिया रॅली लंडनला, तो ग्रीसचा कॉन्सुल. त्या काळात कॉन्सुल म्हणजे बहुतेक वेळा बंदरातला वजनदार व्यापारीच असायचा, सरकारला पगारी माणूस ठेवण्यापेक्षा ते परवडायचं, आणि व्यापाऱ्याला जहाजांची, करारांची, बंदराच्या अधिकाऱ्यांची बातमी सगळ्यांच्या आधी कळायची, कापसाच्या धंद्यात बातमी म्हणजेच पैसा. मुंबईत त्यांची पेढी १८६१ च्या सुमाराला आली, बरोबर अमेरिकेतली लढाई पेटली तेव्हा. पुढच्या पिढीतला पांडेली रॅली ब्रिटिश पार्लमेंटात लिबरल पक्षाचा खासदार, १८७५ ते १८८० ब्रिडपोर्टहून आणि मग १८८५ पर्यंत वॉलिंगफर्डहून. हिंदुस्थानचा सरसेनापती झालेला किचनर लंडनमध्ये याच्याच बेलग्रेव्ह स्क्वेअरच्या घरी उतरायचा. यावरून उठबस कुठं होती ते समजा.

आणि हे नाव गेलं नाही कुठं. तुम्ही कपाशीवर फवारता त्यातल्या औषधांच्या डब्यावर रॅलिस दिसेल, कंपनी आता टाटांकडं आहे. खामगावात दुसरी मोठी पेढी व्होल्कार्ट ब्रदर्सची, स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावची, १८५१ मध्ये विंटरथूर आणि मुंबई दोन्हीकडं एकदमच सुरू झालेली, तिचंही तसंच, १९५४ मध्ये टाटांबरोबर मिळून व्होल्टास काढली.

बंदर_आणि_बाजार
वरच्या उत्तरात अमेरिकेच्या लढाईचा उल्लेख घाईत आला, पण "कापूस-व्यापारी झाला मंत्री" याचं सगळ्यात ठळक उदाहरण तिथंच आहे म्हणून लिहितो.

जॉर्ज ट्रेनहोम, चार्ल्सटनचा कापूस व्यापारी. दक्षिणेच्या बंडखोर सरकारचा १८६४ मध्ये अर्थमंत्री झाला. त्याचीच लिव्हरपूलची पेढी, फ्रेझर ट्रेनहोम, ही त्या सरकारची युरोपातली बँक, तिथं चार्ल्स प्रिओलो बसायचा. कापूस उत्तरेच्या आरमाराच्या नाकेबंदीतून चोरून बाहेर काढायचा, लिव्हरपूलला विकायचा, त्या पैशातून बंदुका अन् जहाजं घ्यायची. १८६३ ला तर त्यांनी युरोपात कर्ज उभारलं ते कापूस तारण ठेवून, रोखे घेणाऱ्याला पैशाऐवजी कापूस मागता येत होता. आणि त्याच लिव्हरपूलात लिंकननं नेमलेला अमेरिकेचा कॉन्सुल थॉमस डडली, याचं मुख्य काम या पेढीवर नजर ठेवायचं, गोदीत कुठलं जहाज कुणासाठी बांधलं जातंय त्याची माहिती काढायची, साक्षीदार जमवायचे. अलाबामा नावाचं जहाज मात्र त्याच्या हातून निसटलं.

आता हे वऱ्हाडाशी कसं जुळतं. ती नाकेबंदी जितके दिवस टिकली तितके दिवस आपल्या कापसाला भाव. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावानं आपला माल ओळखला जायचा. मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंदसारखे कापसाचे राजे उभे राहिले, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर हातोहात जायचे. एप्रिल १८६५ ला दक्षिणेनं शस्त्रं टाकली आणि ती बातमी पोचताच भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या. पेढ्यांचं सगळे लिहितात. वऱ्हाडातल्या ज्या माणसानं तेजीच्या भरवशावर सावकाराकडून रुपये उचलून ज्वारीचं रान कपाशीला दिलं, त्याच्या रानावर पुढं कुणाचं नाव चढलं हे फार कमी लोकांनी लिहून ठेवलंय. मला त्याचाच राग येतो.

कारंज्याचा_काका
राजेहो, तुमी समदे इलायतेतच फिरून राह्यले, जरा आपल्या बाजारात या.

हिंदुस्थानातला पयला कायद्यानं बांधलेला कापूस बाजार आमच्या कारंजा लाडचा, १८८६ चा. मंग १८९७ मधी वऱ्हाडाचा कापूस अन् धान्य बाजाराचा कायदा आला. लोकं अभिमानानं सांगतात, अन् हाये बी अभिमानाचं. पण त्या बाजार समितीवर बसत कोण होते? व्यापारी अन् म्युनिसिपालटीचे मेंबर. अन् म्युनिसिपालटीत कोण, तर गावातले जिनवाले, अडते, सावकार. कास्तकाराले खुर्चीच नोयती. १९२८ मधी लिनलिथगोच्या शेती कमिशननं बी हेच बोट ठेवलं का जो पिकवते त्याचा माणूस समितीत पाह्यजे.

अन् भाव कसा ठरे ते सांगतो, आमच्या आज्यानं डोळ्यानं पाह्यलेलं. बंड्या रातीच येऊन रांगेनं उभ्या. सकाळी दलाल येणार, बंडीत कोपरापर्यंत हात घालून मधातला कापूस ओढून पाह्यणार, बोंडाची पत्ती किती, ओल किती, सरकी दाताखाली फोडून पाह्यणार. मंग व्यापाऱ्याचा अन् दलालाचा हात रुमालाखाली. बोटं धरली, सोडली, झाला सौदा. बंडीचा धनी बाजूले उभा, त्याले रुमालाखालचं काय दिसते? त्याले फक्त आकडा सांगत. अन् जिनात माप घ्याच्या वक्ती पुन्हा माल खराब हाये म्हणून भाव तोडत, तवा बैल सोडून मागं कोण जाते? दलाल कास्तकाराचाबी अन् कंपनीचाबी. मास्तर म्हणतात ना एकाच घरातली माणसं, ते अथी रोज दिसे.

सूतकताई_वर्धा
काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. तरी एक दुसरी बाजू मांडते, कारण सगळ्या व्यापारी-पुढाऱ्यांना एका मापानं मोजणं मला पटत नाही.

आमच्या वर्ध्याचे जमनालाल बजाज. बच्छराज शेठजींकडे दत्तक आलेले, घरचा धंदा कापसाचा, जिनिंगचा. रायबहादूर ही पदवी होती ती १९२१ ला परत केली, काँग्रेसचे खजिनदार झाले, १९२८ मध्ये घरचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना उघडं केलं, गांधीजी वर्ध्याला आले आणि सेवाग्राम झालं तेही यांच्यामुळेच. कापसाच्या पैशातून खादीचं काम उभं राहिलं.

दुसरे सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास, मुंबईचे. ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनचे वर्षानुवर्षं अध्यक्ष आणि दिल्लीच्या कायदेमंडळातही. रुपयाचा दर ठरवायला बसलेल्या १९२६ च्या हिल्टन यंग कमिशनमध्ये सगळे सदस्य एकीकडे आणि हे एकटे वेगळे, रुपया १ शिलिंग ६ पेन्सवर नको, १ शिलिंग ४ पेन्सवर ठेवा म्हणून. कारण रुपया महाग झाला की लिव्हरपूल-ओसाकाच्या भावाचे इथं रुपये कमी होतात आणि ते कमी झालेले रुपये शेवटी शेतकऱ्याच्याच पदरातून जातात. इथं कापूस व्यापाऱ्याचं हित आणि वऱ्हाडच्या कास्तकाराचं हित एकच होतं. सरकारनं ऐकलं नाही, १९२७ ला १ शिलिंग ६ पेन्सच ठरले.

पण मूळ प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण १९३३ चं आहे. तेव्हा आपल्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक जपान, त्यांच्या कंपन्यांचे लोक वऱ्हाडात येऊन खरेदी करायचे. सरकारनं लँकेशायर आणि मुंबईच्या गिरण्यांच्या दबावाखाली जपानी कापडावर जकात ७५ टक्क्यांपर्यंत नेली, तर जपानी गिरण्यांनी चिडून आपला कापूस घेणंच बंद केलं. मग वाटाघाटी, तिकडून सावादा, इकडून व्हाइसरॉयच्या मंडळातले सर जोसेफ भोर, हे नाशिकला जन्मलेले. जानेवारी १९३४ ला ठरलं की जपाननं १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार कापड आणता येईल. गाठी कुणाच्या? त्यात आपल्याही. एवढ्या बैठकांत गिरणीवाले होते, व्यापारी होते, अधिकारी होते, कपाशी पेरणारा कोण होता?

कपाशीवाला_बुलडाणा
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुठं एकत्र वाचायला भेटलं नव्हतं. वर्ध्याच्या ताई, रुपयाचं ते तर पहिल्यांदाच कळलं. काका, रुमालाखालची बोटं आमच्याकडंही म्हातारे लोक सांगतात. एकच विचारतो, मग स्वातंत्र्यानंतर शेतकऱ्याच्याच घरातले मंत्री झाले ना, तेव्हा तरी हे बदललं का?

पुसदकर
बदललं, पण सरळ नाही बदललं.

पापळचे पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ देशाचे कृषिमंत्री. आमच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री. नाईकसाहेबांच्याच काळात कापूस एकाधिकार खरेदी आली, कायदा १९७१ चा, खरेदी १९७२ पासून. व्यापाऱ्याला मधून काढला आणि सरकारच एकटं व्यापारी झालं. माझे वडील सांगतात की सुरुवातीला बाजारात गेलं तर छाती भरून यायची, काट्यावर फसवणूक नाही, भाव फळ्यावर लिहिलेला, कुणाच्या रुमालाखाली नाही. हे मोठं काम होतं आणि ते मान्य केलंच पाहिजे.

पण मग खरेदीची चावी पुढाऱ्यांच्या हातात गेली. केंद्र कुठं द्यायचं, ग्रेडर कोण, चुकारे म्हणजे मालाचे पैसे कधी, हे सगळं मुंबईत ठरायला लागलं. चुकाऱ्यासाठी सावकाराच्याच दारी जायची पाळी यायची. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी कापूस नेता येत नव्हता, सीमेवर नाके, रात्री आडरस्त्यानं बंड्या जायच्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं यावर रान उठवलं. डिसेंबर १९८६ ला हिंगोलीकडं सुरेगावला कापूस आंदोलनात पोलिसांनी गोळी चालवली, तीन शेतकरी गेले. विदर्भातल्या माणसानं ते गाव विसरू नये.

आणि कारंज्याच्या काकांनी जी खुर्ची सांगितली तिचं आजचं सांगतो, कारण तुझ्या कामाचं तेच आहे. १९६३ च्या कायद्यानं बाजार समितीत १८ संचालक धरले, ११ सोसायट्यांतून, ४ ग्रामपंचायतींतून, व्यापारी-अडत्यांचे फक्त २ आणि हमाल-मापाऱ्यांचा १. म्हणजे १८ मधले १५ आपले. पण सोसायटीच्या गटात मत टाकतो कोण? सभासद नाही, सोसायटीचे संचालक. गावात चारशे सभासद असले तरी मतं दहा-बारा जणांचीच, आणि ते दहा-बारा जण कुणाच्या गाडीत बसतात हे प्रत्येक गावाला ठाऊक असतं. २०१७ ला दहा गुंठ्यांच्या वरच्या शेतकऱ्याला थेट मताचा अधिकार दिला होता, २०२० ला तो काढून घेतला.

तुझे वडील सोसायटीत असतील तर आधी हे बघ की सोसायटीची निवडणूक शेवटची कधी झाली आणि किती जागा बिनविरोध गेल्या.

कपाशीवाला_बुलडाणा
सभासद आहेत भाऊ, बरीच वर्षं. निवडणूक तर माझ्या आठवणीत बिनविरोधच होते दरवेळी, अर्ज कधी भरायचा तेच कळत नाही लोकांना. उद्या गटसचिवाकडून मतदार यादी मागतो, सोबत गावातले चार-पाच पोरंही येतो म्हणाले.