घोडी पिकअपमध्ये चढतच नाही, काय करावं?

घाटाचा_नाद:
रामराम मंडळी. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून ४ वर्षांची घोडी आणली, बैलगाडा शर्यतीच्या घाटात बैलांपुढं पळवायला. येताना पिकअपमध्ये खाली नुसता पत्रा होता, ड्रायव्हरनं वळणावर ब्रेक मारला आन् ती गुडघ्यावर आदळली. तेव्हापासून गाडीचा मागचा फाळका पडल्याचा आवाज आला तरी थरथरते. रविवारी चौघांनी ओढली तर मागच्या पायांवर उभी राहिली, तोंडावरची दोराची मोरकी तुटली. ३ आठवड्यांवर जत्रा आलीय.

जुना_शौकीन:
डोळ्याला फडकं बांधा, मागून दोर लावून दोघांनी रेटा. आमचे आजोबा असंच चढवायचे, ५ मिनिटांचं काम.

तांबडी_माती:
फडकं नको हो, पाय कुठं पडतोय ते कळलं नाही तर अजून बुजेल आन् पुढच्या खेपेला दुगाण्या झाडेल. आधी गाडी नीट करा, खाली रबरी मॅट, वर पाचट. गाडी बांधाला मागं लावा म्हणजे चढावं लागत नाही, फाळका पुलासारखा होतो. ताडपत्री काढून टाका, उन्हातून अंधारात जाताना घोड्याच्या डोळ्याला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मग रोज १०-१५ मिनिटं, इंजिन बंद. एक पाऊल पुढं टाकलं की लगेच दोर ढिला, तेच तिचं बक्षीस. मागं सरली तर सरू द्या, पण चंदीचा तोबरा (दाण्याची पिशवी) गाडीतच. आणि आत गेली की आधी फाळका लावा, मग दोर बांधा, उतरवताना उलटं, आधी दोर सोडायचा. बांधलेली असताना मागं मोकळं दिसलं की घोडं झटका मारतंच.

कडबाकुट्टी:
गुडघा दाखवलाय का डॉक्टरला? दुखत असेल तर कितीही शिकवा, चढणार नाही. गुंगीचं इंजेक्शन मनानं देऊ नका, चालत्या गाडीत तोल जातो. आन् लांब जायचं तर दोर आखूड नको, मान खाली घालता आली पाहिजे, नाहीतर नाकातली घाण छातीत राहून ताप भरतो.

घाटाचा_नाद:
गुडघ्याला आतून सूज होती, डॉक्टरांनी ४ दिवस आराम सांगितला. त्यानंतर आज नववा दिवस. पुढचे दोन पाय आत टाकून तोबरा खाते, मागचा उजवा फाळक्यावर ठेवला की ठक्क वाजतं आन् लगेच काढते. आज गोणपाट दुमडून अंथरलं, तर दोनदा ठेवला. जत्रेला शेजारच्यांची घोडी सांगून ठेवलीय.