मदत हवी आहे: घरच्या घरी थंडगार मसाला चहा लाटे

नमस्कार मंडळी, मे महिन्यात फोंड्याच्या उकाड्यात गरम चहा नकोसा होतो, म्हणून घरीच बर्फ घालून मसाला चहा लाटे करतेय. वेलची, दालचिनी, मिरी, आलं पाण्यात उकळून, दुप्पट चहा पावडर घालून कडक अर्क काढते. बर्फ वितळला तरी चव टिकायला हवी ना! पण फ्रिजमध्ये अर्क गढूळ होतो, जास्त उकळला तर तुरट. पावडर किती मिनिटं ठेवावी? गाळून लगेच गार करावा की हळूहळू?

गोडीला माडाचा गूळच हवा, दालचिनीबरोबर त्याचा वास फार सुंदर लागतो. तो गरम अर्कातच विरघळवते, थंड दुधात खडे राहतात. सासूबाईंना गाईम्हशीचं दूध चालत नाही, आणि नारळाचं दूध बर्फावर ओतलं की वर तेलकट थर धरतो. त्यावर उपाय कोणाला माहीत आहे का?