मेरिट स्कॉलरशिपसाठी नावाजलेलं कॉलेज सोडावं का?

रानवारा:
अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या घरी मूल अकरावीत गेलं की एकच यादी निघते. आयव्ही लीग म्हणजे हार्वर्डसारखी नामांकित विद्यापीठं, एमआयटी, मग बाकीची. माझं म्हणणं, ज्यांना फी झेपणार नाही आणि कर्जही नको, त्यांनी यादी इथून सुरू करू नये. आयव्ही लीगची आठही विद्यापीठं मेरिटवर, म्हणजे मुलाच्या गुणवत्तेवर, एक डॉलर देत नाहीत, एमआयटीही नाही. तिथे मदत मिळते ती घरची मिळकत बघून. मेरिटचा पैसा असतो तो आपलं मूल जिथे चारचौघांत उठून दिसेल तिथे.

मुलीच्या वेळी हे आम्हाला फार उशिरा कळलं, म्हणून कळकळीने लिहितेय. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ प्रसिद्ध करतात. त्यातला ‘एच’ विभाग उघडा. आर्थिक गरज नसलेल्या किती मुलांना पैसे दिले आणि सरासरी किती दिले, ते तिथे छापलेलं असतं. ज्या कॉलेजचा हा आकडा नगण्य, तिथे मेरिटची आशा धरू नका. युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामासारख्या ठिकाणी तर परराज्यातल्या मुलांसाठीही जीपीए (४ पैकी गुणांची सरासरी) आणि एसएटी या प्रवेशपरीक्षेच्या गुणांनुसार रकमेचा तक्ता आधीच जाहीर असतो.

दीपमाळ:
रानवारा, अजिबात पटलं नाही. हार्वर्डने २०२५-२६ पासून वर्षाला २ लाख डॉलरपर्यंत मिळकत असलेल्या सर्वसाधारण घरांना ट्युशन, म्हणजे शिक्षणाची फी, माफ केली आहे. एमआयटीचीही मर्यादा तेवढीच. तुमचं ऐकून एखाद्याने अर्जच केला नाही, तर केवढं नुकसान!

आणि मेरिटचं एवढं कौतुक कशाला? पुष्कळ खासगी कॉलेजं छापील फी चढी ठेवतात आणि त्यातच सूट देऊन तिला स्कॉलरशिप म्हणतात. शिवाय तो पैसा जातो कुणाकडे? जॉर्जियाची ‘होप’ स्कॉलरशिप १९९३ पासून लॉटरीच्या पैशावर चालते. तिकिटांवर मिळकतीतला मोठा वाटा घालवतात ती कमी कमाईची माणसं, आणि चांगले गुण घेऊन लाभ उचलतात मुख्यतः सुस्थितीतल्या घरांतली मुलं. मला हा अन्याय वाटतो.

सोनचाफा:
एक अनुभव. भाच्याला चार वर्षांची मोठी स्कॉलरशिप मिळाली, घरात पेढे वाटले. अट होती जीपीए ३.५ राखायचा. इंजिनीअरिंगच्या पहिल्याच वर्षी ३.३ आला आणि पैसे बंद. पत्रात अट होती, आम्हीच नीट वाचली नाही. मधल्या मधे पोराची झोप उडाली.

रानवारा:
दीपमाळ, २ लाखांचा मुद्दा मान्य, तो मी धाग्यातच लिहायला हवा होता. म्हणून पहिली पायरी ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’, म्हणजे मदत वजा जाता आपल्याला अंदाजे किती खर्च येईल ते दाखवणारा हिशेबनीस. २०११ पासून तो वेबसाइटवर ठेवणं जवळपास सगळ्या कॉलेजांना बंधनकारक आहे. खरी मिळकत भरा, मगच त्या कॉलेजचं नाव यादीत ठेवा किंवा काढा. पण दोघं नोकरी करणारी, मिळकत २ लाखांच्या थोडी वर, दोन मुलं पाठोपाठची, अशी घरं आपल्यात कमी नाहीत. पुष्कळ कॉलेजांत कागदावर त्यांची गरज फार कमी ठरते. त्यांनी काय करायचं?

सोनचाफा, वाईट वाटलं वाचून. होकार कळवण्याआधी विचारून घ्यावं की जीपीए किती हवा, तो दर सेमिस्टरला बघतात की वर्षाखेरीस, आणि घसरला तर सावरायला एक संधी देतात का. उत्तर ईमेलवर घ्यावं.

पाऊलवाट:
बाहेरच्या संस्थांच्या छोट्या स्कॉलरशिप गोळा करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. काही कॉलेजं तेवढीच रक्कम स्वतःच्या मदतीतून कापतात, म्हणजे डझनभर निबंध लिहून हातात काहीच वाढत नाही. मेरीलँडने २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांना अशी कपात करण्यावर कायद्याने निर्बंध घातले. इतर राज्यांत आधी फायनान्शियल एड ऑफिसला विचारा.

दीपमाळ:
कॅल्क्युलेटरचं पटलं. त्या मधल्या घरांची अडचण खरी आहे, माझंही घर त्यातलंच. तरीही माझा आक्षेप मी मागे घेत नाही. ज्याला स्कॉलरशिपशिवायही कॉलेज परवडतं त्याला आकर्षित करायला कॉलेज पैसा खर्च करतं, आणि तेवढ्यासाठी दुसऱ्या मुलाच्या मदतीच्या पत्रात कर्जाचा आकडा वाढतो. माझ्या मुलाला मेरिट मिळालं तर आम्ही ते घेऊ. पण ही पद्धत बरोबर आहे, असं मी म्हणणार नाही.