शार्प पार्क, डॉक्टर मॅकेन्झी आणि लाल पायांचे बेडूक (आमच्या घरच्या ग्रुपवरून)

बाबा: ताईच्या घराजवळच्या शार्प पार्कचे फोटो टाकलेत. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या पॅसिफिका गावात आहे. उजवीकडे गोल्फचं मैदान, डावीकडे मातीचा बांध आणि बांधापलीकडे थेट समुद्र. सकाळी बांधावरून फिरून आलो. कुणी हटकलं नाही.

मी: जागा सुरेखच आहे. पण बाबा, मोजक्या लोकांच्या खेळासाठी एवढी जमीन आणि एवढं पाणी? मला हे पटत नाही.

ताई: अरे, हे क्लबचं मैदान नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराचं, म्हणजे महापालिकेचं आहे. १९१७ मध्ये शार्प कुटुंबाच्या मालमत्तेतून ही जमीन शहराला मिळाली, ती लोकांसाठीच वापरायची या अटीवर. १९३२ पासून इथे खेळ सुरू आहे. मेंबरशिप लागत नाही, फी भरायची आणि खेळायचं. परवा माझ्या जोडीला एक निवृत्त बस ड्रायव्हर होते. आणि हे मैदान आखलंय ॲलिस्टर मॅकेन्झीने, गोल्फची मैदानं आखणारा नावाजलेला माणूस.

काका: ऑगस्टावाला? गोल्फची ती मोठी मास्टर्स स्पर्धा होते ते मैदान?

ताई: हो काका, तोच. ऑगस्टा त्याने बॉबी जोन्स या गोल्फपटूबरोबर आखलं. पण १९३४ च्या जानेवारीत तो गेला, आणि पहिली स्पर्धा झाली त्याच वर्षी मार्चमध्ये. शेवटची वर्षं तो इथून तासाभरावर, सांताक्रूझला राहायचा. मूळचा डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात सर्जन होता. बोअर लोक जमिनीचा आडोसा असा घेतात की समोरच्याला दिसतच नाहीत, हे त्याने तिथे पाहिलं. पहिल्या महायुद्धात सैन्याला लपण्याचं तंत्र शिकवायचं कामही केलं. १९२० साली त्याने मैदान कसं असावं याची तेरा तत्त्वं लिहिली. त्यातलं एक असं की, माणसाने केलेली गोष्ट इतकी नैसर्गिक दिसावी की परक्याला ओळखूच येऊ नये.

बाबा: हे मी बघितलंय. एका ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीच्या, मागे उंचवटा आहे. आधी वाटलं मूळचाच असेल. मग पाणी कुठून कुठे जातंय ते बघत उभा राहिलो, तेव्हा कळलं की हा भराव आहे. आमच्या पाटबंधाऱ्याच्या कामात भराव टाकला की पायथ्याची रेघ सरळ दिसते. इथे उतार कुठे संपला आणि सपाटी कुठे सुरू झाली, ते मला बोट ठेवून दाखवता येईना. असं मातीकाम सोपं नसतं. करणाऱ्याला मानलं पाहिजे.

मी: मातीकाम उत्तम असेल. पण खेळणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

ताई: सांगते. माझे तीन फटके वाया गेल्यावर चौथा धड लागतो. बाकी बऱ्याच ठिकाणी माझ्यासारखीची अर्धी सकाळ झुडपात चेंडू शोधण्यात जाते. या डॉक्टरचं तत्त्व असं की चेंडू शोधायचा वैताग मुळीच नको. दुसरं, नवशिक्याचा स्कोअर, म्हणजे फटक्यांचा आकडा, कितीही फुगला तरी त्याला मजा आली पाहिजे. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे: ताकदीच्या खेळाडूने पाण्यावरून किंवा वाळूवरून चेंडू मारायचं धाडस करावं, पण कमजोर खेळाडूला बाजूने वाट असावी. एखादा फटका जास्त लागेल, पण तोही पोचेल. इथल्या मूळ आराखड्यात दोन होल्सना (होल म्हणजे मैदानाचा एकेक टप्पा) तर दुहेरी फेअरवे, म्हणजे भोकाकडे नेणारे हिरवळीचे दोन पट्टे, होते, कुठून जायचं ते ज्याने त्याने ठरवायचं. ऑगस्टालाही सुरुवातीला वाळूचे खड्डे फक्त २२ होते.

काका: होते म्हणजे? दुहेरी फेअरवे आता नाहीत?

ताई: नाहीत. वादळात समुद्र आत यायचा. काही वर्षांतच बांध घातला आणि काही होल्स हलवावी लागली. आता चार होल्स हायवेच्या पलीकडे, टेकड्यांच्या बाजूला आहेत. ती मॅकेन्झीची नाहीत आणि खेळताना ते जाणवतं.

आत्या: आत्ता वाचलं सगळं. अण्णा, तुझ्या तिसऱ्या फोटोत मागे लव्हाळं आणि पाणी दिसतंय, ते काय?

ताई: आत्या, ते लगुना सलादा, पाणथळ जागा. कॅलिफोर्नियाचे लाल पायांचे बेडूक आहेत तिथे. आणि ते खाणारा सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप. दोघांनाही कायद्याने संरक्षण आहे.

आत्या: वाटलंच. तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, म्हणून विचारते. पावसाळ्यात ते पाणी उपसतात का?

बाबा: पंपहाउस आहे. हिवाळ्यात फेअरवेवर पाणी चढू नये म्हणून समुद्रात सोडतात.

आत्या: मग तिथेच गोम आहे. तिकडे पाऊस हिवाळ्यात, आणि या बेडकांची मादी अंडी घालते तीही त्याच दिवसांत. अंड्यांचा पुंजका पाण्याच्या वरच्या थरात लव्हाळ्याला चिकटवलेला असतो. पंपाने पाणी वीतभर उतरलं की पुंजका उघडा पडतो आणि वाळतो. निसर्गासारखं दिसणं वेगळं आणि निसर्ग असणं वेगळं, बाळा. तुमच्या डॉक्टरला पहिलं उत्तम जमलं.

मी: आत्याशी शंभर टक्के सहमत. मग बंद का नाही करत?

ताई: प्रयत्न झाला. २०११ मध्ये मैदान राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात देण्याच्या दिशेने शहराच्या सभागृहाने ठराव केला, महापौर एड ली यांनी तो फेटाळला. पर्यावरणवाद्यांचा खटलाही होता, तो २०१२ मध्ये निकालात निघाला, तोवर वन्यजीव खात्याने पंप आणि अंडी यांबद्दल अटी घातल्या होत्या. पण आत्या, एक सांगू? पूर्वी तिथे समुद्राचं खारं पाणी यायचं. बांधामुळे पाणी गोडं राहतं आणि बेडकांना ते मानवतं. तोच बांध मैदानालाही वाचवतो.

आत्या: हे मान्य. म्हणजे बेडूक आता बांधाच्या भरवशावर आहेत. मग हट्ट एवढाच की पाणी उतरवू नका. त्या तेरा तत्त्वांत हिवाळ्याचं काही आहे का?

ताई: आहे ना. तेरावं. मैदान हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सारखंच चांगलं असावं.

आत्या: तेवढं इथे सोडा. बाकीची बारा पाळा. डिसेंबर ते मार्च दोन-तीन होल्स पाण्याखाली गेली तर जाऊ देत. बाजूने वाट ठेवायची हे त्याचंच म्हणणं आहे ना?

बाबा: इंजिनिअर म्हणून सांगतो, होण्यासारखं आहे. खोलगट होल्सवर भर घालून ती थोडी उचलायची, आणि पंप चालवायची पातळी वर न्यायची. माती कशी टाकायची याचा नमुना समोरच आहे.

मी: हे मला चालेल. लोकांचं मैदान आहे हे कळल्यावर ते मोडावं असं मलाही वाटत नाही. पण खेळायला फी भरणाऱ्याला हिवाळ्यात अठरापैकी पंधरा होल्सच मिळणार हे आधी सांगा.

ताई: मग पंधराच होल्सची फी घ्या म्हणावं, माझी तक्रार नाही.

आत्या: अण्णा, दक्षिणेला मोरी पॉइंटला राष्ट्रीय उद्यानाने याच बेडकांसाठी तळी खणली आहेत. उद्या तिकडे जा. लव्हाळं किती दाट आहे आणि काठ किती उथळ ठेवलाय त्याचे फोटो जवळून काढ. पाण्यात उतरू नकोस.

बाबा: जातो. सकाळी ताईचा ऑफिसचा कॉल झाला की.