क्लिफ मॉर्गन आठवतात
समालोचनाला बसलेले माजी खेळाडू माइकसमोर फक्त जुन्या आठवणी सांगतात, असं म्हणतात; हे मत मला पटत नाही. वेल्सच्या क्लिफ मॉर्गन यांचं उदाहरण घ्या. ऱ्होंडा खोऱ्यातल्या खाणकामगाराचा हा मुलगा वेल्ससाठी रग्बीचे 29 कसोटी सामने खेळला. 1955 मध्ये लायन्स, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडचा निवडक संघ, दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता; त्या संघानं जोहान्सबर्गची कसोटी 23-22 अशी जिंकली, त्यात मॉर्गन यांचा एक ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) होता. पुढे बीबीसीत निर्माता, सूत्रसंचालक, 'अ क्वेश्चन ऑफ स्पोर्ट' या क्रीडा प्रश्नमंजूषेत सुरुवातीचे संघनायक, आणि शेवटी बाह्यप्रक्षेपण (स्टुडिओबाहेरून होणारं प्रक्षेपण) विभागाचे प्रमुख.

पण मला त्यांचं मोठेपण जाणवतं ते 27 जानेवारी 1973 च्या सामन्यात. वेल्समधल्या कार्डिफला बार्बेरियन्स (निमंत्रित खेळाडूंचा संघ) विरुद्ध न्यूझीलंड. नेहमीचे समालोचक बिल मॅक्लारेन आजारी, म्हणून मॉर्गन बसले. आदल्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, बोलणंही अडखळलं होतं! आणि सामना सुरू होऊन काही मिनिटंच होतात तोच बार्बेरियन्सचा फिल बेनेट स्वतःच्या गोलरेषेजवळून चकवत निघतो, चेंडू हातोहात पुढे सरकतो आणि गॅरेथ एडवर्ड्स कोपऱ्यात झेपावून ट्राय करतो. मॉर्गन यांचा आवाज त्या धावेबरोबर चढत जातो. स्वतः मैदानात पळालेल्या माणसालाच असा श्वास लागतो. ती ध्वनिचित्रफीत जरूर ऐका, शक्यतो डोळे मिटून.

शेवटच्या वर्षांत स्वरयंत्राच्या कर्करोगानं नेमका तोच आवाज हिरावला. 2013 मध्ये ते गेले.