मदत हवी आहे: टॉमकॅट पडला तर लॉगिन टिकतं, पण भरलेली यादी रिकामी होते

नमस्कार मंडळी,

तीन दिवस झाले, डोकं बधिर झालंय. एका पतसंस्थेचं कर्ज-अर्जाचं ॲप आमच्याकडे आहे. दोन टॉमकॅट ९ (जावा ॲप चालवणारे सर्व्हर, म्हणजे आमचे दोन नोड: एन१ आणि एन२), पुढे अपाची वेब सर्व्हर आणि रिक्वेस्ट या दोघांत वाटणारं मॉड जेके. स्टिकी सेशन (सर्व्हर वापरकर्त्याची माहिती ज्यात लक्षात ठेवतो ते सेशन; स्टिकी म्हणजे तो दर वेळी त्याच नोडवर जातो) चालू आहे, जेव्हीएम रूट (नोडचं नाव) दिलाय, सेशन आयडीच्या शेपटीला 'एन१', 'एन२' नीट दिसतं. वेब डॉट एक्सएमएलमध्ये डिस्ट्रिब्युटेबल (सेशनची दुसऱ्या नोडवर प्रत ठेवायची खूण) टाकलंय. क्लस्टरची एकच ओळ, बाकी सगळं डीफॉल्ट: डेल्टा मॅनेजर (सेशनमधले बदल दुसऱ्या नोडला पाठवणारा), नोड एकमेकांना शोधतात तो मल्टिकास्ट पत्ता २२८.०.०.४, पोर्ट ४५५६४.

पहिला दिवस भलत्याच गोष्टीत गेला. उबुंटूच्या होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव १२७.०.१.१ ला बांधलेलं, त्यामुळे रिसीव्हर (दुसऱ्या नोडचे निरोप घेणारा भाग) स्वतःशीच बोलत बसला होता. तिथे खरा आयपी दिल्यावर लॉगमध्ये दुसरा मेंबर दिसला. वाटलं, सुटलो.

पण अर्जाच्या तिसऱ्या पानावर दोन जामीनदार भरले, एन१ मारला आणि 'पुढे' दाबलं, तर गाडी बरोबर एन२ वर जाते, शेपटीही बदलते, उजवीकडे वर अर्जदाराचं नाव तसंच. जामीनदारांची यादी मात्र कोरी! लॉगमध्ये एक एरर नाही. आमचे सीनियर म्हणतात, "सोड ते, सरळ रेडिस लाव." (म्हणजे सेशन टॉमकॅटबाहेर, रेडिस या वेगळ्या डेटा स्टोअरमध्ये ठेवायचं.) लावू का?

प्रतिसाद १
क्लस्टरमधलं चॅनेल सेंड ऑप्शन्स डीफॉल्ट ८ असतं, म्हणजे असिंक्रोनस: पोच मिळायची वाट बघत नाही. बदल पोचायच्या आत नोड मेला तर गेला. ६ करून बघा. आणि जामीनदाराचा क्लास सिरियलायझेबल (बाइट्समध्ये बदलून दुसऱ्या नोडला पाठवता येणारा) आहे ना?

धागाकर्ता
६ केलं, फरक शून्य. क्लास सिरियलायझेबल आहे.

प्रतिसाद २
अहो, जामीनदार यादीत घालता कसा? तो कोड सांगा.

धागाकर्ता
पान उघडताना सेट ॲट्रिब्यूटने रिकामी यादी सेशनमध्ये ठेवतो. नंतर गेट ॲट्रिब्यूटने ती काढतो आणि तिच्यात ॲड करतो. बस.

प्रतिसाद २
सापडला चोर. डेल्टा मॅनेजर अख्खं सेशन पाठवत नाही, फक्त फरक पाठवतो, आणि फरक झाला हे त्याला सेट ॲट्रिब्यूटवरूनच कळतं. तुम्ही यादीच्या पोटात परस्पर भर घातलीत, त्याला पत्ताच नाही. एन२ कडे पान उघडतानाची रिकामी यादीच आहे. ॲड झाल्यावर तीच यादी त्याच नावाने परत सेट करा.

रेडिसचं म्हणाल तर स्प्रिंग सेशनही (सेशन रेडिसमध्ये ठेवणारी लायब्ररी) डीफॉल्टमध्ये सेट केलेलंच लिहितं. तिथे तर सर्व्हर न मरताच यादी गायब होईल, कारण प्रत्येक रिक्वेस्टला सेशन रेडिसमधून नव्याने वाचलं जातं. दोन नोडना डेल्टा मॅनेजर पुरे. तो प्रत्येक बदल सगळ्या नोडना पाठवतो, म्हणून नोड वाढले की जड जातो. तेव्हा बॅकअप मॅनेजर (बदल एकाच बॅकअप नोडला पाठवणारा) किंवा रेडिस बघा.

प्रतिसाद ३
मुळात अर्धा अर्ज सेशनमध्ये ठेवायचाच कशाला? माणूस सातबारा शोधायला उठला की तीस मिनिटांत टाइमआउट, मग क्लस्टर असो वा नसो. डेटाबेसमध्ये ड्राफ्टचं (अर्धवट अर्जांचं) टेबल करा, सेशनमध्ये फक्त त्याचा आयडी ठेवा.

धागाकर्ता
एक ओळ वाढवली. एन१ मारला, एन२ वर दोन्ही जामीनदार हजर! मनापासून आभार.
सीनियरना प्रतिसाद २ दाखवला, गप्प आहेत. ड्राफ्टचं पटलं, पण ते पुढच्या रिलीजला. तूर्त कोडमध्ये शोधलं तर असंच परस्पर ॲड केलेलं अजून अकरा ठिकाणी निघालं, त्यातली चार मीच लिहिलेली.