बोन ग्राफ्टसाठी हाडांची औषधं सरसकट बंद?

रानजाई: परवा इथे एकांनी लिहिलं, "दाढेत नाहीतर मणक्यात बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, करायचं असेल तर ठिसूळ हाडांची सगळी औषधं सहा महिने आधी बंद करा, त्यांच्यामुळे नवं हाड धरतच नाही." खाली धन्यवादांची रांग लागली. मला राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

सगळी म्हणजे कुठली हो? अ‍ॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक ही हाड खाणाऱ्या पेशींना आवरतात आणि हाडातच वर्षानुवर्षं मुरून बसतात. सहा महिने गोळी थांबवल्याने ती तिथून निघत नाहीत. डेनोसुमॅबचं इंजेक्शनही त्याच पेशींना आवरतं, पण ते हाडात साठत नाही, सहा महिन्यांत उतरतं. टेरिपॅराटाइड तर हाड बांधणाऱ्या पेशींनाच कामाला लावतं. जपानात पाळी गेलेल्या बायकांच्या मणक्याच्या फ्यूजनवर (ग्राफ्ट घालून मणके एकमेकांना जोडण्यावर) २०१२ साली अभ्यास आला. रिसेड्रोनेट या अ‍ॅलेन्ड्रोनेटच्याच जातीच्या गोळीवर ६८ टक्के जणींचा जोड बसला, टेरिपॅराटाइडवर ८२, आणि तोही सरासरी दहाऐवजी आठ महिन्यांत. हे औषध बंद करायला सांगायचं?

माणदेशी: टेरिपॅराटाइडचं ठीक. पण मूळ पोस्टमध्ये काहीच तथ्य नाही असं नका म्हणू. ग्राफ्ट म्हणजे शेवटी मेलेलं हाड. ते खाल्लं जाऊन जागा झाली तरच नवं भरणार. खाणाऱ्या पेशींनाच बांधून ठेवलं तर काय होणार? अशा औषधांवर जबड्याचं हाड कुजल्याच्या नोंदी २००३ पासून आहेत. माझ्या काकूंची दाढ काढली, तो खड्डा कित्येक महिने भरला नाही. आत पांढरं हाड दिसायचं, जीभ लागली की टोचायचं. जेवण म्हणजे पेज. हे बघितलेल्या माणसाला टक्केवारी सांगू नका.

रानजाई: काकूंना कुठलं औषध होतं, आणि कशासाठी?

माणदेशी: झोलेड्रोनिक, स्तनाच्या कॅन्सरसाठी. दर महिन्याला.

रानजाई: मग तुलनाच होत नाही. कॅन्सर हाडात उतरला की ४ मिलिग्रॅम, तीन-चार आठवड्यांनी, पुन्हापुन्हा. ठिसूळ हाडांना ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा. तिथे जबड्याचा धोका शंभर जणांत काहींना, इथे दहा हजारांत मोजक्यांना. आणि २०११ च्या एका छोट्या अभ्यासात मणक्याच्या फ्यूजननंतर अ‍ॅलेन्ड्रोनेट घेणाऱ्यांत ९५ टक्के जोड बसले, नुसत्या व्हिटॅमिन डीच्या औषधावर ६५.

माणदेशी: चाळीस पेशंटांचा अभ्यास! प्राण्यांवरचे कितीतरी प्रयोग उलट सांगतात. डोसचा फरक मान्य, करावाच लागेल. पण म्हणून बिनधास्त राहा, हे नाही पटत.

घाटावरची सून: बिनधास्त राहा असं कुणी म्हटलंय? बंद केल्याने काय होतं ते मी सांगते. सासूबाईंना डेनोसुमॅब चालू होतं. दातांच्या डॉक्टरांनी ग्राफ्टसाठी पुढचं इंजेक्शन थांबवायला सांगितलं. परत कधी घ्यायचं ते कुणीच सांगितलं नाही. जवळजवळ वर्ष गेलं. एक दिवस देवघरातून उठताना पाठीत कळ आली. दोन मणके दबलेले निघाले. हे औषध मध्येच सोडलं की हाड झपाट्याने झिजतं, हे हाडांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. दोघांनी एकमेकांना एक फोन करायचा होता हो!

नाचणीप्रेमी: म्हणूनच आमच्या घरी रोज आंबील आणि सकाळचं ऊन. ही इंजेक्शनं हवीतच कशाला?

घाटावरची सून: सासूबाई जन्मभर शेतात उन्हातच होत्या. नाचणीही खायच्या. कृपा करून इथे हे नको.

दंतवैद्य कोल्हापूर: प्रत्येक वेळी दातांचा डॉक्टरच कसा सापडतो? "औषधं कुठली चालू आहेत?" विचारलं की बीपी आणि शुगर सांगतात. वर्षातून एकदा सलाइनमधून घेतलेलं, सहा महिन्यांनी दंडात टोचलेलं, ते त्यांच्या लेखी औषधच नसतं. फाईल घरी. हाड उघडल्यावर आम्हाला कळायचं का?

घाटावरची सून: आमची फाईल टेबलावर होती. त्यावरूनच थांबवायला सांगितलं ना! उगाच पेशंटवर ढकलू नका.

दंतवैद्य कोल्हापूर: तुमच्या बाबतीत चुकलं त्यांचं, म्हणतो मी. डेनोसुमॅब असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर तीन-चार महिन्यांनी ग्राफ्ट करायचं. पुढचं इंजेक्शन येईपर्यंत जखमेला सहा-आठ आठवडे मिळतात, डोसही चुकत नाही. पण गोळ्यांचं एवढं सोपं नाही. चार वर्षांवर अ‍ॅलेन्ड्रोनेट झालं असेल तर दोन महिने सुट्टी द्या, असं अमेरिकेतल्या तोंड-जबड्याच्या सर्जनांची संघटना २०१४ साली सांगत होती. २०२२ साली त्यांच्यातच त्यावर एकमत झालं नाही. सोबत स्टेरॉइड असेल तर मी आजही ग्राफ्ट टाळतो.

माणदेशी: म्हणजे काळजी घ्यावीच लागते. मी दुसरं काय म्हणत होतो?

रानजाई: तुम्ही "सगळी बंद करा" या पोस्टची बाजू घेत होता. ती पोस्ट अजून तशीच आहे आणि आत्ताही खाली कुणीतरी विचारलंय, "आईचं डेनोसुमॅब पुढच्या आठवड्यात आहे, टाळू का?" आधी तिथे जाऊन उत्तर लिहा.